ओम्नीचं तिसरं सिलिंडर आणि इंजिनकामाचा हिशेब

ऑइल भरायचं झाकण काढायचं, चालू इंजिनच्या त्या भोकावर तळहात धरायचा, हाताला गरम वाफारा लागला की मान हलवायची आणि म्हणायचं, ‘रिंगा गेल्यात, इंजिनकाम काढायला लागतंय.’ म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यात, इंजिन उघडून नवं करावं लागेल. आमच्या ओम्नीचं निदान दोन गॅरेजांत असंच झालं. एकानं ३२ हजार सांगितले. दुसऱ्यानं २८ सांगितले आणि पुढं जोडलं, ‘उघडल्यावर काय निघंल ते वेगळं.’ गाडी २०१० ची. विकायला काढली असती तर ७० हजारांच्या वर कुणी बोली लावली नसती. म्हणजे गाडीच्या जवळजवळ निम्म्या किमतीचं काम, आणि तेही हाताच्या तळव्यावरून ठरलेलं.

इंजिनकाम परवडतं का, हा प्रश्न नंतरचा. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरातली हवा किती दाबतो ते, खरंच कमी आहे का, तिन्ही सिलिंडरांत सारखंच कमी आहे की एकातच, आणि दाबलेली हवा नेमकी कुठून पळतेय, यातलं काहीच कुणी बघितलं नव्हतं. झाकण काढल्यावर थोडा वाफारा तर लाखभर किलोमीटर पळालेल्या कुठल्याही इंजिनातून येतो.

गाडी घरच्या मसाल्याच्या धंद्यासाठी आहे. कोल्हापुरातली दुकानं, आठवड्यातून एखादी खेप जयसिंगपूर-इचलकरंजीकडं. महिन्याला पाचएकशे किलोमीटर, त्याहून जास्त नाही. मीटरवर सव्वा लाखाच्या वर आकडा आहे आणि त्यातलं बरंचसं पळणं एलपीजीवर झालंय. तक्रार अशी होती की सकाळी थंड असताना इंजिन एका सिलिंडरवर मिस मारायचं, गाडीभर थरथर व्हायची. चार सिलिंडरच्या गाडीत एक मिस मारलं तर एखाद्याला कळणारही नाही. तीनच असतील तर शेजारी बसलेल्यालाही कळतं. गरम झाल्यावर बरं वाटायचं, पण जोतिबाच्या चढाला जिथं गाडी आरामात दुसऱ्यावर जायची तिथं पहिला टाकावा लागत होता.

प्लग बदलून झाले होते. मिस तिसऱ्या सिलिंडरात होती, म्हणून तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात घालून बघितला, वायरींचीही तशीच अदलाबदल केली. मिस तिसऱ्यातच राहिली. पेट्रोलवर चालवा नाहीतर गॅसवर, थरथर तीच. दोन वेगळ्या वाटांनी येणारं इंधन एकाच वेळी त्याच सिलिंडरला दगा देईल असं होत नाही. ठिणगी आहे, इंधन आहे, मग उरतं कॉम्प्रेशन.

कॉम्प्रेशन गेज मी विकतच आणलं. बाजारात दोन प्रकार मिळतात: रबरी टोक भोकावर हातानं दाबून धरायचं, आणि प्लगच्या आट्यांत फिरवून बसवायचं. दुसरंच घ्यावं. हातानं धरलेल्या गेजमधून थोडी हवा निसटतेच आणि मग कमी आलेला आकडा इंजिनाचा की मनगटाचा, हे कळत नाही.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उलटली की इंजिन समोर येतं, पण चालवणाऱ्याला बसायला जागा उरत नाही. पुतण्या दारात उकिडवा बसून हातानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरत होता आणि दुसऱ्या हातानं चावी फिरवत होता. ॲक्सिलरेटर दाबलेला हवाच, नाहीतर थ्रॉटल बंद राहतो, सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही आणि ठणठणीत इंजिनही आजारी दिसतं. तिन्ही प्लग काढायचे, एकच नाही, म्हणजे स्टार्टरवर भार येत नाही आणि इंजिन एका गतीनं फिरतं. इंजिन आधी गरम करून घेतलेलं असावं. बॅटरी भरलेली असावी. इग्निशनचं आणि इंजेक्टरचं कनेक्शन काढून ठेवायचं, गॅसचा कॉक बंद. मग काटा चढायचा थांबेपर्यंत, पाच-सहा दणके.

पहिल्याला १४५ पौंड (दर चौरस इंचाला), दुसऱ्याला १४०, तिसऱ्याला ९०.

काटा कुठं थांबला याच्याइतकंच तो कसा चढला हेही बघावं. पहिल्या दोन सिलिंडरांत पहिल्या दणक्याला काटा जरा कमी उठला आणि मग दर दणक्याला चढत गेला. रिंगा थोड्या झिजल्या की असं होतं. तिसऱ्यात मात्र तो पहिल्या दणक्यालाही कमीच उठला आणि पुढंही फारसा हलला नाही. जेवढी हवा दाबली जात होती तेवढी कुठूनतरी निघून जात होती.

१४५ हा आकडा वाईट आहे का? आमच्या पुण्याच्या मेहुण्यानं फोनवर लगेच कुठल्यातरी तक्त्यातला आकडा वाचून दाखवला आणि ‘सगळंच गेलंय’ म्हणाला. तक्ते समुद्रसपाटीचे असतात. कोल्हापूर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, इथं हवेचा दाबच मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. मुंबईत १७० दाखवणारं इंजिन इथं १६० च्या आतच दाखवणार. त्यात बाजारातलं गेज पाच-दहा पौंड इकडंतिकडं करतं. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरातला फरक जास्त खरा बोलतो. दहा टक्क्यांचा असेल तर चालून जातो, पंधराच्या पुढं गेला तर शोधाशोध करावी. इथं फरक छत्तीस-अडतीस टक्क्यांचा होता.

मग तेलाची परीक्षा. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, इंजिन दोन-चार वेळा फिरवायचं आणि पुन्हा गेज लावायचं. तेल रिंगांच्या भोवती पसरतं आणि तिथली फट तेवढ्यापुरती बुजते. आकडा उसळी मारून वर आला तर हवा रिंगांतून जात होती. आला नाही तर गळती वर आहे, वाल्व्हमध्ये नाहीतर हेड गॅस्केटमध्ये (वाल्व्ह असतात तो इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग), कारण तेल तिथपर्यंत पोचत नाही. तेल सगळ्यांत सारखंच आणि थोडंच घालावं. जास्त झालं तर ते स्वतःच जागा अडवतं आणि आकडा खोटाच फुगतो.

पहिला १४५ वरून १६० वर आला, दुसरा १४० वरून १५८ वर. तिसरा ९० वरून ९५. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे फुटलं असतं तर शेजारचं दुसरंही तिसऱ्याबरोबर खाली बसलं असतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, ऑइलला दुधाळ रंग नव्हता. म्हणजे बोट वाल्व्हकडं जात होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशिन शॉपमध्ये एक वयस्कर मिस्त्री बसतात. आता स्वतः पाना फारसा हातात घेत नाहीत, पण पोरांचं काम बघतात. त्यांना आकडे दाखवले. त्यांनी कागद न बघता गाडी चालू करायला सांगितली आणि खिशातल्या डायरीचं पान फाडून सायलेन्सरच्या तोंडाशी सैल धरलं. धुराच्या फुंकरीनं ते बाहेर फडफडत होतं आणि मधेच एकदम आत ओढलं जाऊन नळीला चिकटत होतं. ‘एक्झॉस्ट वाल्व्ह जळालाय,’ ते म्हणाले. ‘नीट बसंना झालाय. पिस्टन खाली जाताना सायलेन्सरमधलीच हवा ओढतोय.’

‘आणि रिंगा?’

‘रिंगा म्हाताऱ्या झाल्यात. मेलेल्या न्हाईत.’

मग टॅपेट कव्हर काढलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये, म्हणजे वाल्व्ह दाबून उघडणारा रॉकर आणि वाल्व्हची दांडी यांच्यामधल्या फटीत, फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) सगळ्यांत पातळ पान जाईना. वाल्व्ह पूर्ण मिटायला थोडी फट लागते. ती संपली की रॉकर वाल्व्हला कायम किंचित उघडाच धरून ठेवतो. आपल्याकडं उलटा समज आहे. टॅपेटचा टकटक आवाज यायला लागला की माणूस गॅरेजला पळतो, आणि आवाज बंद होऊन इंजिन मऊ चालायला लागलं की खूश होतो. टकटक करणारा टॅपेट ढिला असतो, त्यानं फारसं बिघडत नाही. घट्ट झालेला टॅपेट गप्प बसून वाल्व्ह जाळतो. वाल्व्ह आपली उष्णता सीटवर, म्हणजे हेडमधल्या ज्या कड्यावर तो मिटतो त्यावर, टेकलेला असताना सीटला देतो. टेकलाच नाही तर ती जाणार कुठं?

ही फट का संपली, याचं उत्तर गॅसमध्ये होतं. एलपीजी नाहीतर सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात वाल्व्ह आणि त्याची सीट कोरडीच एकमेकांवर आपटतात. पेट्रोलचे थेंब निदान थोडा ओलावा आणि गारवा देतात, गॅस आधीच वायू असतो. मिक्श्चर जरा कमी गॅसचं झालं की तापमान आणखी चढतं. सीट झिजते, वाल्व्ह तिच्यात खोल रुततो, त्याची दांडी तेवढीच वर सरकते आणि टॅपेटची फट खाऊन टाकते. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर सीटवर बसायचा आणि उशीसारखा उपयोगी पडायचा. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोलच मिळतं, त्यामुळं नंतरच्या गाड्यांच्या सीटा मुळातच कडक धातूच्या येतात. तरी गॅसवर सलग पळवलं आणि टॅपेट कधीच बघितलं नाही, तर कडक सीटही शेवटी बसते.

फट नियमाप्रमाणं ठेवून पुन्हा गेज लावलं. तिसरा ९० वरून ११० वर आला, पुढं नाही. फक्त टॅपेटचाच दोष असता तर इथंच शे-दोनशे रुपयांत विषय संपला असता. म्हणजे वाल्व्हची कड जळालेली होती.

खात्रीसाठी हवेची परीक्षा. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून आत पितळी निप्पल ब्रेझिंगनं बसवला की प्लगच्या भोकाला कॉम्प्रेसरची नळी जोडता येते. उद्यमनगरात लेथवाला हे चहा येईपर्यंत करून देतो. पिस्टन बरोबर वर आणायचा, दोन्ही वाल्व्ह मिटलेले आहेत हे रॉकर हलवून बघायचं, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा, नाहीतर हवेच्या दाबानं इंजिनच फिरतं आणि पाना लावलेला असला तर हात मोडतो. मग हवा सोडायची आणि कान लावायचा. एअर फिल्टरकडून सुसाट आवाज आला तर इनटेक वाल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. तिसऱ्याला मागून सायलेन्सरमधून स्पष्ट फुसकारा येत होता. पहिल्या-दुसऱ्याला ऑइलच्या भोकातून बारीकसा.

इथपर्यंतचा खर्च गेजसकट दोन हजारांच्या आत.

आता हिशेब. संपूर्ण इंजिनकामाचे ३२ हजार हा आकडा कुणी खोटा सांगितला नव्हता. इंजिन खाली उतरवायचं, ब्लॉक बोअर करायचा, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, बेअरिंगं, क्रँकला चरे असतील तर ग्राइंडिंग, ऑइल पंप, हेडचं काम, गॅस्केटचा पूर्ण संच आणि मजुरी; बेरीज तिथं जातेच. शिवाय ‘आता उतरवलंच आहे तर’ हे एक स्वतंत्र खातं असतं. उतरवलंच आहे तर क्लच प्लेट टाका, उतरवलंच आहे तर इंजिनचे रबर बदला, रेडिएटर साफ करून घ्या. ३२ चे ३६ सहज होतात.

दुसरी वाट जुनं इंजिन घालण्याची होती. हे ७९६ सीसीचं इंजिन मारुती ८०० लाही आहे, त्यामुळं भंगारबाजारात उतरलेली इंजिनं पुष्कळ. पंधरा-सतरा हजारांना मिळतं. पण त्याच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आपल्या माहितीच्या आजारापेक्षा दुसऱ्याचा अनोळखी आजार विकत घ्यायचा. शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, त्यासाठी इंजिनाचं पक्कं बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं लागतात. बिल मागितल्यावर विकणाऱ्याचा चेहराच बदलला. तिथं तो विषय मी सोडला.

तिसरी वाट म्हणजे फक्त हेड उतरवून वाल्व्हचं काम करायचं. मधली वाट म्हणजे हेडबरोबर रिंगाही. ब्लॉक जागेवर ठेवून खालून ऑइलचं चेंबर काढायचं, पिस्टन वर ओढायचे, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, होन मारायचा (घासून बारीक तिरक्या रेघा पाडायच्या), स्टँडर्ड मापाच्याच नव्या रिंगा आणि बिग-एंडची बेअरिंगं. आणखी सात-आठ हजार. ही वाट सगळ्यांत मोहाची होती, कारण मिस्त्र्यांमध्ये एक पक्का समज आहे: वरचं नवं केलं की खालचं जुनं बोलायला लागतं. वाल्व्ह नीट मिटायला लागले की दाब वाढतो आणि झिजलेल्या रिंगांतून जास्त गळती होते, ऑइल जास्त जळतं. याच्यात तथ्य आहे, पण ते रिंगा किती झिजल्यात त्यावर आहे. तेलाच्या परीक्षेत पहिल्या दोघांत फरक १५ ते १८ पौंडांचाच होता. चाळीस असता तर मी वादच घातला नसता.

मी किलोमीटरवर भागून बघितलं. पुढच्याच वर्षी गाडीला १५ वर्षं पूर्ण होत होती. खाजगी गाडीची नोंदणी तिथं संपते आणि मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फीच ५,००० रुपये होती, त्यावर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे एका नूतनीकरणाचं आयुष्य धरलं तर पाच वर्षं, महिन्याला ५०० प्रमाणे ३० हजार किलोमीटर. संपूर्ण इंजिनकाम ३६ हजारांचं, किलोमीटरला १ रुपया २० पैसे. हेडचं काम ११ हजारांच्या आसपास, किलोमीटरला ३७ पैसे. गाडी ऑइल खात होती हजार किलोमीटरला अर्धा लिटर. चारशे रुपये लिटरनं किलोमीटरला २० पैसे. पाच वर्षांत ऑइलचे सहा हजार. ऑइल खाणं दुप्पट झालं असं धरलं तरी हेड आणि ऑइल मिळून २३ हजारांत बसतं. संपूर्ण काम त्याच्यावर जातं, आणि ते पैसे आजच मोजायचे. ३० हजार किलोमीटरसाठी लाखभर किलोमीटरचं इंजिन बांधण्यात मला अर्थ दिसेना. पाच वर्षांनी पत्र्याचंच काय होईल ते सांगता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ऑइल जळत राहिलं तर सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू बुजतो, आणि धूर दिसण्याइतका वाढला तर पीयूसीत गाडी अडकणार. हीच गाडी शाळेच्या मुलांना ने-आण करत असती, महिन्याला दोन हजार किलोमीटर पळत असती, तर हिशेब पूर्ण उलटा झाला असता आणि मीच ‘खालून वरपर्यंत करून टाका’ म्हटलं असतं.

घरात यावर मतभेद झाले. बायकोचं म्हणणं, ‘अहो, एकदाच काय ते करून टाका, सारखं गॅरेज नको.’ ऑइलच्या खर्चापेक्षा रस्त्यात बंद पडून माल अडकण्याची तिला जास्त काळजी. ते खरंच होतं. म्हणून हेड उतरवल्यावर बोअर मोजायची, आणि माप वाईट निघालं तर तिथंच रिंगांचा निर्णय घ्यायचा, असं ठरलं.

हेड काढायला इंजिन उतरवावं लागलं नाही. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट वाल्व्हच्या कडेला करवतीनं कापल्यासारखी खाच पडली होती आणि सीट डोळ्यांना दिसेल इतकी खोल गेलेली. बाकीचे दोन एक्झॉस्ट त्याच वाटेवर, फक्त थोडे मागं. इनटेक तिन्ही चांगले. बोअरच्या वरच्या टोकाला, जिथं रिंग पोचत नाही तिथं, नखाला जेमतेम लागणारी कड होती. पिस्टन खाली नेऊन मिस्त्रींच्या पोरानं बोअर गेज घातलं. या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. वरच्या बाजूला ६८.५६, खाली ६८.५२. होनच्या तिरक्या रेघा खालच्या निम्म्यात अजून दिसत होत्या. ‘ह्याला बोअर मारून ब्लॉक कशाला बारीक करताय?’ म्हातारबुवांनी विचारलं आणि विषय संपवला.

तिन्ही एक्झॉस्टच्या सीटा काढून नव्या बसवल्या, वाल्व्ह नवे, दोन गाइड ढिले होते ते बदलले. सीटा कापून झाल्यावर पेस्ट लावून वाल्व्ह घासले, मग हेड उलटं ठेवून त्यात रॉकेल भरलं आणि तासभर सोडून दिलं. कुठूनच पाझरलं नाही. हेडचा फेस पट्टी लावून तपासला, त्याला ग्राइंडिंगची गरज पडली नाही. वाल्व्ह सील आणि टायमिंग बेल्ट नवे. जुने सील दगडासारखे कडक झाले होते, म्हणजे ऑइल जळण्यात त्यांचाही वाटा होता आणि दोष मात्र सगळा रिंगांच्या नावावर जमा होत होता.

बिल ११ हजार ४०० झालं. थोडी पळवल्यावर टॅपेट पुन्हा बघितले आणि गेज लावलं: १५४, १५०, १५२. ऑइल खाणं वाढलं नाही, उलट निम्म्यावर आलं. थरथर गेली. गॅसवाल्याकडून मिक्श्चर जरा सढळ करून घेतलं, सकाळी गाडी पेट्रोलवर चालू करतो आणि मधूनमधून थोडं अंतर पेट्रोलवरच काढतो. दर पाच हजार किलोमीटरला टॅपेट कव्हर उघडून एक्झॉस्टच्या तिन्ही फटी मोजतो आणि वहीत लिहितो. पहिल्या तपासणीत त्या केसभर कमी झाल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, नवी सीट बसताना तेवढं होतं. दुसऱ्या तपासणीत आकडा तोच निघाला.